किल्ली कोणाच्या हाती?

जबलपूरच्या मढातालमधलं जयंती कॉम्प्लेक्स हा या शहराचा संगणक बाजार. नवे-जुने संगणक, प्रिंटरची शाई, मोबाइलच्या काचा आणि ‘विंडोज मारून देणारी’ मुलं, सगळं तिथेच. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या कियोस्कवाल्याचा संगणक अडला की तो सीपीयूची पेटी स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवून इकडे येतो. दुरुस्ती करणारा मुलगा वायरी जोडतो, पेनड्राइव्ह लावतो, बटन दाबतो आणि पडद्यावर कंपनीचं नाव उमटताच कीबोर्डाच्या वरच्या ओळीतलं एक बटन दोन-चारदा टकटक दाबतो. संगणक आपली नेहमीची विंडोज सोडून पेनड्राइव्हवरून सुरू होतो. मालकाचा पासवर्ड विचारायची वेळच येत नाही. आतलं सगळं समोर येतं: गिऱ्हाइकांची आधार कार्डं, मार्कशीट, जमिनीचे खसरे, पासबुकांची पहिली पानं.

या मुलाच्या कामात गैर काही नाही. त्याच्यामुळे बंद पडलेलं दुकान संध्याकाळपर्यंत पुन्हा चालू होतं. पण त्याला जे दोन मिनिटांत जमतं ते खिशात पेनड्राइव्ह घेऊन आलेल्या कुणालाही जमू शकतं, आणि सार्वजनिक संगणकासमोर तर दिवसभर अनोळखी माणसंच बसलेली असतात. माझ्या मते आपल्याकडच्या संगणक सुरक्षेतलं हे सर्वांत दुर्लक्षित भगदाड आहे. त्याची किंमत मोजतात ते ज्यांच्या घरी संगणक नाही असे लोक.

कोण आहेत हे लोक? मध्य प्रदेश सरकार आणि टीसीएस यांनी मिळून २००६मध्ये एमपी ऑनलाइन ही कंपनी उभी केली. तेव्हापासून कॉलेजचा प्रवेश, परीक्षेचा फॉर्म, विजेचं बिल, नोकरीचा अर्ज हे सगळं गल्लोगल्लीच्या कियोस्कवर आलं. २०१०मध्ये याच राज्याने लोकसेवा हमी कायदा देशात सर्वांत आधी केला आणि तहसिलीतले दाखले लोकसेवा केंद्रांच्या खिडकीवर मिळू लागले. २०२३मध्ये लाडली बहना योजना आली तेव्हा समग्र आयडी हा राज्याचा ओळखक्रमांक आणि ई-केवायसी यांसाठी बायकांच्या रांगा लागल्या. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेच्या वेळी सेतू केंद्रांसमोर तेच चित्र आपण पाहिलं. जबलपूरच्या घमापूर, रांझी, अधारतालमधून येणाऱ्या बायकांना ‘सायबर सुरक्षा’ हा शब्द ठाऊक असण्याचं कारण नाही. त्यांचा विश्वास असतो तो काउंटरपलीकडच्या मुलावर.

जबलपूरच्या मराठी घरांचाही या काउंटरशी संबंध येतो. १९५६पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची फेरआखणी झाली आणि उच्च न्यायालय नागपूरहून जबलपूरला आलं. न्यायालय, गन कॅरेज फॅक्टरी, दूरसंचार प्रशिक्षण केंद्र, रेल्वे अशा नोकऱ्यांच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबं इथलीच होऊन गेली. मुलं पुण्या-बंगळुरूला, कुणी परदेशात. मागे राहिलेले आजी-आजोबा दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला जवळच्या केंद्रावर जातात. २०१४पासून हा दाखला ‘जीवन प्रमाण’ या नावाने संगणकावर, बोटाचा ठसा देऊन काढता येतो. सोय मोठी आहे. मात्र आपला अंगठा ज्या यंत्राला जोडलेला आहे ते यंत्र नेमकं कोणाच्या ताब्यात आहे, हे आजोबांना कळायला काही मार्ग नाही.

०

बटन दाबल्याबरोबर विंडोज सुरू होते, हा आपला समज. त्याआधी काही सेकंद वेगळाच कारभार चालतो. मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्राम आधी चालू होतो. जुन्या यंत्रांत तो बायोस, नव्या यंत्रांत यूईएफआय. तो मेमरी, कीबोर्ड, डिस्क तपासतो आणि पुढचं राज्य कोणाच्या हवाली करायचं हे एका यादीवरून ठरवतो. यादीत हार्ड डिस्क असते, तशीच पेनड्राइव्ह, सीडी, कधी नेटवर्कही. पासवर्ड, परवानग्या, अँटिव्हायरस ही सगळी व्यवस्था विंडोजची. यादीतल्या दुसऱ्या कुणाला आधी संधी मिळाली तर विंडोज सुरूच होत नाही आणि तिच्याबरोबर ही सगळी व्यवस्थाही निजलेली राहते. दिंडी दरवाजाला मोठं कुलूप आणि परसदार सताड उघडं, अशी ही अवस्था असते.

या काही सेकंदांचं महत्त्व पीसीच्या जगात सर्वांत आधी ज्यांनी दाखवून दिलं ते आपले शेजारीच. १९८६मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद अल्वी या दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा प्रोग्राम लिहिला. आयबीएम पीसीचा पहिला विषाणू म्हणून तो ओळखला जातो. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या जागेत, जाऊन बसायचा. फ्लॉपी आत राहून गेली आणि संगणक चालू केला की विषाणू मेमरीत. त्याला पासवर्डची गरज पडत नव्हती, कारण तो पासवर्ड विचारणाऱ्या प्रोग्रामच्याही आधी पोचलेला असायचा.

पुढे फ्लॉपी गेली, सीडी आली. ‘हिरेन्स बूट सीडी’ हे नाव आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्यांच्या एका अख्ख्या पिढीला तोंडपाठ आहे. बिघडलेल्या डिस्कवरचा माल वाचवणं, विषाणू काढणं, विसरलेला पासवर्ड पुसून टाकणं, सगळी हत्यारं एकाच तबकडीवर. त्याच काळात कॅफेंमध्ये विंडोज एक्सपीचं राज्य होतं. एक्सपीच्या होम आवृत्तीत ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नावाचं एक लपलेलं खातं असायचं. सेफ मोडमध्ये गेलं की ते दिसायचं आणि त्याला मुळात पासवर्डच नसायचा. कॅफेमालकाने स्वतःच्या खात्याला कितीही अवघड पासवर्ड ठेवला असला तरी तास भरायला आलेल्या कॉलेजच्या मुलाला हा रस्ता ठाऊक असायचा. तेव्हा ते बहुधा गेमसाठी किंवा मालकाने बंद केलेली साइट उघडण्यासाठी चालायचं. आज त्याच डिस्कवर दुसऱ्याचे अंगठे आणि पैसे आहेत.

लिनक्स टाकलं म्हणजे हा प्रश्न मिटतो असंही नाही. लिनक्स सुरू करून देणारा ग्रब नावाचा प्रोग्राम पासवर्डने बंद करता येतो. डिसेंबर २०१५मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया तंत्रविद्यापीठाच्या हेक्टर मार्को आणि इस्माएल रिपोल या संशोधकांनी दाखवून दिलं की त्या वेळच्या ग्रबमध्ये नाव विचारल्यावर बॅकस्पेसचं बटन अठ्ठावीस वेळा दाबलं की तो पासवर्ड न घेताच आत सोडतो. चूक लगेच दुरुस्त झाली. ज्यांनी आपली यंत्रं अद्ययावत ठेवली त्यांच्यापुरती ती संपली. ज्यांनी एकदा टाकलेली प्रणाली वर्षानुवर्षं तशीच चालवली त्यांच्याकडे ती तशीच राहिली.

उपाय आहेत आणि ते एकमेकांच्या आधाराने उभे राहतात. बूटच्या यादीत फक्त आतली डिस्क ठेवायची आणि बाकी सगळं बंद करायचं. ती यादी कुणी बदलू नये म्हणून बायोसलाच पासवर्ड लावायचा. पण अनेक डेस्कटॉपवर मदरबोर्डचा नाण्याएवढा सेल काढून परत बसवला किंवा एक छोटा जंपर हलवला की बायोसचा पासवर्ड उडतो. म्हणून पेटी उघडता येऊ नये यासाठी तिला कुलूप हवं. बऱ्याच पेट्यांना मागे कडी त्यासाठीच दिलेली असते. नव्या यंत्रांत सिक्युअर बूट असतं. २०१२च्या विंडोज ८पासून ते सर्रास आलं. कंपनीची डिजिटल सही नसलेला बूट प्रोग्राम ते चालूच देत नाही. पण सही असलेली लिनक्सची पेनड्राइव्ह त्यातूनही पुढे जाते, त्यामुळे एकट्या त्याच्यावर विसंबता येत नाही. शेवटी कुणी डिस्कच काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तर हे सारे अडथळे मागेच राहतात. तिथे कामाला येतं ते डिस्कचं एन्क्रिप्शन. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर असतो. त्याची चावी मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपमध्ये राहते आणि उपटून नेलेल्या डिस्कवर वाचण्यासारखं काही उरत नाही. यातली कोणतीही एक कडी सोडली की बाकीच्यांचा जोर ओसरतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पहिलीच कडी लावलेली नसते.

०

कायद्याने याची दखल घेतली का? घेतली, पण एका वाक्यात. ते वाक्य कुठल्या संदर्भात आलं हे पाहण्यासारखं आहे.

२००८मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी आलेला ई-मेल नवी मुंबईच्या सानपाड्यातल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता. त्यानंतरचे मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं आणि चेंबूरच्या एका कंपनीचं नेटवर्क वापरून गेले. त्याआधी जयपूरच्या स्फोटांची जबाबदारी घेणारा मेल साहिबाबादच्या सायबर कॅफेतून गेल्याचं निघालं. त्या वर्षाच्या अखेरीस माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती झाली, २७ ऑक्टोबर २००९पासून ती लागू झाली आणि ‘सायबर कॅफे’ या शब्दाला कायद्यात व्याख्या मिळाली. ११ एप्रिल २०११ला सायबर कॅफेंसाठी स्वतंत्र नियम निघाले.

हे नियम वाचताना त्यांचा रोख स्पष्ट दिसतो. येणाऱ्याचं ओळखपत्र घ्या, नोंदवही ठेवा, ती वर्षभर जपा, दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत अहवाल द्या, आडपडदा साडेचार फुटांपेक्षा उंच नको, संगणकांचे पडदे मोकळ्या जागेकडे तोंड करून ठेवा. संशय खुर्चीत बसणाऱ्यावर. या सगळ्यात एक वाक्य यंत्राबद्दल आहे: वापरणाऱ्याला संगणकाच्या सेटिंगमध्ये ढवळाढवळ करता येऊ नये म्हणून कॅफेने पुरेशी प्रतिबंधक व्यवस्था करावी. पुरेशी म्हणजे किती, बायोसला पासवर्ड हवा की नको, ॲडमिन खातं कोणाकडे असावं, यावर पुढे काही नाही. आडपडद्याची उंची फुटांत लिहिली गेली. यंत्राच्या बाबतीत मोजमापच नाही.

त्याचा परिणाम उलटाच झाला. कॅफेवाल्यांनी ओळखपत्रांच्या झेरॉक्स आणि स्कॅन साठवायला सुरुवात केली. गिऱ्हाइकावर नजर ठेवण्यासाठी घेतलेली ही कागदपत्रं त्याच उघड्या यंत्रांवर जाऊन बसली. पुढे फोन स्वस्त झाले, डेटा स्वस्त झाला आणि कॅफे ओस पडले. पण यंत्रं गेली नाहीत, पाटी बदलली. त्याच खुर्च्या, तीच जुनी पेटी, बाहेर एमपी ऑनलाइन किंवा जनसेवा केंद्राचा फलक. इंटरनेट पाहायला येणारा मुलगा गेला आणि कागदपत्रं घेऊन येणारी आई आली. धोका त्यामुळे कमी झालेला नाही, वाढला आहे. कॅफेतला मुलगा स्वतःचा पासवर्ड स्वतः टाइप करायचा. ही आई आपला फोन आणि त्यावर आलेला ओटीपी दुसऱ्याच्या हातात देते.

कोणत्याही कियोस्कच्या संगणकाचा डेस्कटॉप पाहा. माणसांच्या नावांच्या पीडीएफ फायलींनी पडदा भरलेला असतो. गिऱ्हाईक कागद व्हॉट्सॲपवर पाठवतं, दुकानदार व्हॉट्सॲप वेबवर उतरवून घेतो, छापतो, आणि फाइल ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहते. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो हे खरं, पण तो इंग्रजी नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मसाल असा ठरलेला असतो. शेजारच्या मार्कशीटवर नाव आणि जन्मतारीख दोन्ही छापलेलं असताना त्या पासवर्डने काय राखलं जाणार?

आधार प्राधिकरणाला हे माहीत नव्हतं असं नाही. २७ मे २०२२ला त्यांच्या बंगळुरू कार्यालयाने एक सूचना काढली: सार्वजनिक संगणकावर, कॅफेत किंवा कियोस्कवर ई-आधार उतरवणं टाळा, उतरवलंच तर सर्व प्रती कायमच्या पुसून टाका. सूचना अगदी योग्य होती. त्याच पत्रकात आधारची छायाप्रत कुणालाही देऊ नका असंही होतं आणि त्यावरून देशभर गोंधळ उडाला. दोन दिवसांत, २९ मे रोजी, चुकीचा अर्थ लावला जाण्याची शक्यता सांगून सरकारने ते अख्खं पत्रक मागे घेतलं. त्याबरोबर कियोस्कबद्दलचा शहाणा सल्लाही गेला. माझ्या मते तेवढा एक परिच्छेद प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर हिंदी-मराठीत लावायला हवा होता.

सार्वजनिक यंत्रांबद्दलची ही भीती नुसती मनातली नाही. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये २००१पासून जवळपास दोन वर्षं एका तरुणाने किंकोज या झेरॉक्स-संगणकाच्या दुकानांतल्या सार्वजनिक यंत्रांवर गुपचूप सॉफ्टवेअर बसवून ठेवलं होतं. लोक जे टाइप करतील ते त्याच्याकडे जायचं. साडेचारशेहून जास्त जणांचे बँकेचे पासवर्ड त्याने जमवले आणि २००३मध्ये गुन्हा कबूल केला. त्या यंत्रांवर नवं सॉफ्टवेअर बसवण्याची मोकळीक गिऱ्हाइकाला नसती तर हे इतकं सोपं गेलं नसतं. फेब्रुवारी २०११मध्ये इंग्लंडच्या चेशायरमधल्या विल्मस्लो आणि हँडफर्थ इथल्या सार्वजनिक ग्रंथालयांत संगणकाच्या मागे, कीबोर्डाची वायर जिथे लागते तिथे, छोट्या यूएसबी डब्या सापडल्या. दाबलेलं प्रत्येक बटन त्या आत साठवत होत्या. अशा डबीला बूटही लागत नाही आणि ॲडमिनही. ती शोधायची तर रोज सकाळी वाकून पेटीच्या मागे पाहावं लागतं.

०

कियोस्कवाल्यांवर सगळा दोष टाकणं अन्यायाचं होईल. त्यांचा संगणक दिवसभर ॲडमिन खात्यातच का चालतो, याला कारण आहे.

अंगठ्याचं यंत्र जोडायचं तर त्याचं सॉफ्टवेअर बसवायला ॲडमिन लागतो. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचं तसंच. एखाद्या खात्याची साइट अमुकच ब्राउझरवर चालते, दुसरी त्याच ब्राउझरवर अडते. सर्व्हर सकाळी चालतो, दुपारी बसतो, समोर रांग असते आणि कमिशन एका फॉर्ममागे मोजके रुपये. दर वेळी पासवर्ड टाकून परवानगी देत बसायला त्या मुलाकडे वेळ नाही. म्हणून पहिल्याच दिवशी दुरुस्तीवाला सगळं ॲडमिनवर उघडं करून देतो. अनेकदा विंडोजही विकतची नसते; फुकटात चालू करण्याच्या उपद्व्यापात अँटिव्हायरस बंद करावा लागतो आणि तो बंदच राहतो. सरकारी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी ‘हे साध्या खात्यातून चालेल का’ हा प्रश्न आधी विचारला असता तर गल्लीतल्या दुकानातली अर्धी अडचण तिथेच सुटली असती. ही जबाबदारी भोपाळ-दिल्लीच्या कचेऱ्यांची आहे.

सप्टेंबर २०१८मध्ये हफपोस्ट इंडियाने एक वृत्त दिलं होतं. आधार नोंदणीचं सॉफ्टवेअर बदलून टाकणारा एक पॅच सुमारे अडीच हजार रुपयांत मिळतो आणि तो टाकला की ऑपरेटरची ओळख पटवणारी आणि यंत्राची जागा सांगणारी सुरक्षा निकामी होते, असं त्यात म्हटलं होतं. प्राधिकरणाने ते साफ नाकारलं. वादात न शिरताही एक गोष्ट त्यातून दिसते. ज्या यंत्रावर ऑपरेटर स्वतःच सर्वाधिकारी आहे, तिथे बसवलेल्या सॉफ्टवेअरने ऑपरेटरवर लक्ष ठेवावं ही अपेक्षा फार काळ टिकत नाही.

कॅफेवाल्यांच्या जुन्या पिढीने यावर आपल्यापुरता मार्ग काढला होता. फॅरोनिक्स या कॅनडातल्या कंपनीचं ‘डीप फ्रीझ’ बसवायचं: दिवसभरात कुणी काहीही करो, संगणक बंद करून चालू केला की सकाळची अवस्था परत. मायक्रोसॉफ्टनेही ‘स्टेडी स्टेट’ नावाने असंच साधन फुकट दिलं होतं. शाळा-ग्रंथालयांना ते सोयीचं होतं, पण २०१०च्या अखेरीस कंपनीने ते बंद केलं. अशी साधनं गिऱ्हाइकाच्या मागे राहिलेल्या फायली पुसतात, हा त्यांचा खरा गुण. मात्र त्यांचीही मर्यादा तीच. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करू दिला तर डिस्क गोठवणारा प्रोग्राम चालूच होत नाही.

०

आता परीक्षा. जबलपूर हे मध्य भारतातलं मोठं परीक्षा केंद्र आहे. जेईई, रेल्वे, बँका, राज्याच्या भरत्या या सगळ्यांसाठी महाकोशलच्या गावागावांतून मुलं आदल्या रात्री रेल्वेने इथे येतात. परीक्षा होतात बहुधा खासगी कॉलेजांच्या भाड्याने घेतलेल्या लॅबमध्ये. आदल्या दिवसापर्यंत जे यंत्र त्या कॉलेजचं असतं ते परीक्षेच्या दिवशी एका मुलाच्या पाच वर्षांच्या अभ्यासाचा निवाडा करतं. लॅब असिस्टंटला त्याचा पासवर्ड माहीत असतो.

२०२१च्या जेईई मेनमध्ये काय घडू शकतं ते दिसलं. सीबीआयने १ सप्टेंबरला गुन्हा नोंदवला. आरोप असा की हरियाणातल्या सोनिपतच्या एका केंद्रावरच्या संगणकांचा ताबा दुरून घेऊन भलतीच माणसं उमेदवारांचे पेपर सोडवत होती. झडत्या दिल्ली, इंदूर, बंगळुरूपासून आपल्या पुण्यापर्यंत झाल्या. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एका रशियन नागरिकाला दिल्ली विमानतळावर ताब्यात घेतलं गेलं. परीक्षेचं सॉफ्टवेअर फोडण्यात त्याचा हात असल्याचं तपास यंत्रणेचं म्हणणं. उमेदवार खुर्चीत हजर, अंगठा त्याचाच, कॅमेऱ्यात चेहरा त्याचाच, आणि उत्तरं दुसऱ्याची. दारावरची झडती इथे काहीच पकडू शकत नाही. दुरून ताबा घेण्यासाठी यंत्रावर आधी काहीतरी पेरून ठेवावं लागतं किंवा नेटवर्कमध्ये वाट ठेवावी लागते, आणि ते काम यंत्रावर पूर्ण अधिकार असलेल्या माणसाच्या हातून किंवा त्याच्या डोळ्यांआड होतं.

आणि मध्य प्रदेशात हा विषय निघाला की व्यावसायिक परीक्षा मंडळाच्या, म्हणजे व्यापमंच्या, घोटाळ्यापाशी यावंच लागतं. जुलै २०१३मध्ये इंदूरला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत दुसऱ्याच्या नावाने बसणारी मुलं पकडली गेली आणि धागा भोपाळच्या परीक्षा मंडळाच्या संगणक विभागापर्यंत गेला. आरोपपत्रातली पद्धत अशी: खरा उमेदवार मागे आणि हुशार तोतया पुढे बसेल असे आसनक्रमांक संगणकातच लावून घ्यायचे. याला लोकांनी ‘इंजिन-बोगी’ असं नाव दिलं. यासाठी कुणी पेनड्राइव्ह घेऊन रात्री घुसलं नव्हतं. ज्यांच्याकडे अधिकृत किल्ली होती त्यांनीच दार उघडल्याचा तो आरोप होता.

जबलपूरच्या उच्च न्यायालयात तेव्हा मुख्य न्यायमूर्ती होते अजय माणिकराव खानविलकर. त्यांच्या खंडपीठाने तपासावर देखरेखीसाठी नोव्हेंबर २०१४मध्ये विशेष पथक नेमलं. जुलै २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. १३ फेब्रुवारी २०१७ला २००८ ते २०१२ या काळातल्या ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द ठरवण्यावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. यातले अनेक जण शिक्षण पूर्ण करत आले होते किंवा करून बसले होते. त्यांच्या जागी ज्या मुलांना प्रवेश मिळायला हवा होता त्यांची वर्षं मात्र कोणत्याही निकालाने परत आली नाहीत. तालुक्याच्या गावातून दोनदा-तीनदा परीक्षा देऊन शेवटी डॉक्टरकीचा नाद सोडलेली ती मुलं कुठल्याच यादीत नाहीत.

त्यानंतर मंडळाचं नाव बदललं, परीक्षा कागदावरून संगणकावर गेल्या. तरी संशय संपला नाही. फेब्रुवारी २०२१च्या कृषी विस्तार अधिकारी परीक्षेत वरच्या क्रमांकाचे उमेदवार ग्वाल्हेरच्या एकाच कॉलेजचे निघाले, गुण सारखे, चुकाही सारख्याच. ती परीक्षा रद्द करावी लागली. २०२३च्या पटवारी परीक्षेत पहिल्या दहांपैकी सात जण ग्वाल्हेरच्या एकाच केंद्रावरचे होते. नेमणुका थांबल्या, चौकशी झाली, घोटाळा आढळला नाही, २०२४मध्ये नेमणुका दिल्या गेल्या. चौकशीचा निष्कर्ष मान्य करूनही मला वाटतं की मुलांच्या मनातली शंका तेवढ्याने जात नाही. कोणतं यंत्र किती वाजता कशावरून सुरू झालं, ॲडमिन खात्यात कोण किती वेळा शिरलं, याची नोंद संगणक ठेवू शकतो. ती नोंद केंद्राबाहेर, कुणाला बदलता येणार नाही अशा जागी साठवली आणि तक्रार आल्यावर उघड केली, तर वाद पुराव्याने मिटेल.

२१ जून २०२४पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या सार्वजनिक परीक्षा कायद्यात संगणक किंवा नेटवर्कशी छेडछाड हा स्पष्ट गुन्हा आहे. परीक्षा घेणाऱ्या कंपनीला १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा चांगला आहे, पण तो केंद्र सरकारच्या परीक्षांपुरता, आणि शिक्षा घोटाळा झाल्यानंतरची. परीक्षेच्या दिवशी यंत्र कॉलेजच्या डिस्कवरून न चालवता परीक्षा यंत्रणेने सही केलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या प्रतीवरून चालवणं, बायोसचा पासवर्ड त्या दिवसापुरता यंत्रणेच्या हाती असणं, ॲडमिनच्या कामाला एकाऐवजी दोन माणसांची संमती लागणं, ही आजही करता येण्यासारखी कामं आहेत. त्यांना नव्या शोधाची गरज नाही. प्रश्न कंत्राटात ती सक्तीची करण्याचा आहे.

०

गल्लीतल्या केंद्राला याहून कमी पुरतं. संगणकात दोन खाती करावीत: एक ॲडमिनचं, फक्त काही बसवताना वापरायचं, दुसरं साधं, दिवसभराच्या कामाचं. गिऱ्हाइकाला बसू द्यायचं असेल तर पाहुण्याचं तिसरं. बायोसला पासवर्ड लावून तो वहीत लिहावा आणि वही घरी ठेवावी. बूटच्या यादीतून पेनड्राइव्ह काढावी, पेटीला मागून कुलूप घालावं, संध्याकाळी दुकान बंद करताना ‘डाउनलोड्स’ आणि रिसायकल बिन रिकामं करावं, व्हॉट्सॲप वेबमधून बाहेर पडावं. यातल्या कुलपापुरतेच पैसे लागतात. दुरुस्तीला यंत्र द्यायचं तर आधी फायली काढून घ्याव्यात आणि परत आल्यावर पासवर्ड बदलावेत. जुन्या यंत्रांबद्दल मात्र कटू सत्य सांगायला हवं. विंडोज १०ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली आणि विंडोज ११ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूटची सोय असलेलं यंत्र लागतं. बऱ्याच जुन्या पेट्या त्यात बसत नाहीत. अशा यंत्रावर निदान अद्ययावत लिनक्स टाकावं. बहुतेक कामं ब्राउझरमध्येच होतात. ज्याला ते जमत नाही त्याने त्या यंत्रावर लोकांचे अंगठे घेऊ नयेत.

जबलपूरला १९४७पासूनचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, २००५पासूनची ट्रिपल आयटी आहे. तिथल्या मुलांनी एका सत्रात शहरातल्या केंद्रांची यंत्रं तपासून ही साधी कामं करून दिली तर हजारो कुटुंबांची कागदपत्रं सुरक्षित होतील. नागपूर, अमरावती, कोल्हापूरच्या कॉलेजांनाही हे जमण्यासारखं आहे. परवाना देणाऱ्या जिल्हा कार्यालयांनी वार्षिक तपासणीत फलक आणि दरपत्रकाबरोबर बायोस आणि ॲडमिन खातंही पाहावं.

आणि वाचकांना एक विनंती. या नोव्हेंबरात आई-वडिलांना हयातीच्या दाखल्यासाठी केंद्रावर नेणार असाल तर आधारचा आकडा झाकलेली प्रत न्या, ओटीपी स्वतः टाका, आणि काम झाल्यावर तुमची फाइल तुमच्यासमोर पुसायला सांगा. मग दुकानदाराला विचारा: या संगणकाचा ॲडमिन पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे? त्याला उत्तर देता आलं नाही तर रागावू नका. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर पुन्हा जा आणि तो बदलायला त्याला मदत करा.